जालन्याला घालीन : मराठवाड्यातून निघून गेलेल्या एका दवाखान्याची गोष्ट

लहानपणी मला जालना कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण त्याची भीती वाटायची. मी जेवायला नाही म्हटलं, रात्री उशिरापर्यंत जागी राहिले, एकटीच काहीबाही पुटपुटत अंगणात फिरले, की आजी म्हणायची, “असंच करायलीस तर एक दिवस जालन्याला घालून येईन.” पुण्या-मुंबईकडची मुलं अशा वेळी येरवड्याचं किंवा ठाण्याचं नाव ऐकतात हे मला पुढे विद्यापीठाच्या वसतिगृहात कळलं. आमच्याकडे मात्र जालना. ते का, हे आजीलाही सांगता यायचं नाही. तिची आई तिला तसं म्हणायची, म्हणून तीही मला म्हणायची.

आमचं गाव परळी वैजनाथ तालुक्यातलं. माळवदावर चढलं की थर्मलच्या चिमण्या दिसतात. परळीची ओळख सांगताना लोक दोनच गोष्टी सांगतात : १९७१पासून सुरू असलेलं औष्णिक वीज केंद्र आणि ज्योतिर्लिंग. वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी दोन्ही इथल्या लिंगात लपवले, अशी आख्यायिका आहे. इथे लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. महाशिवरात्रीला आई मला कडेवर घेऊन रांगेत उभी राहायची आणि माझा तळवा धरून लिंगावर टेकवायची. वैद्यांच्या देवाच्या पायाशी मी वाढले, पण मनाचाही वैद्य असतो हे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०१८ साली मी इतिहासात एम.ए. करायला संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, विद्यापीठात आले. आमच्या भावकीत एम.ए.पर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. दुसऱ्या सत्रात माझी झोप गेली. आधी वाटलं, परीक्षेची काळजी. मग वाचलेलं समजेना. एकच पान मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत बसायचे आणि अंधार पडल्यावर लक्षात यायचं की पान तेच आहे. आंघोळीची बादली भरून तिच्याकडे बघत बसायचे. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. मार्चमध्ये मी कुणालाही न सांगता बॅग भरली आणि परळीची एसटी पकडली.

माझी आई आशा सेविका आहे. २०१५मध्ये राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशांनी घरोघरी जाऊन कोण उदास आहे, कुणाची झोप गेली आहे, कोण माणसांतून उठून एकटं बसायला लागलंय याची विचारपूस करायची होती. आईनं ते काम मन लावून केलं. कोणत्या वस्तीवर कोणता माणूस बोलायचा थांबला आहे हे तिला पाठ असायचं. आणि त्याच बाईच्या घरात, आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून तिची मुलगी तीन महिने पडून होती. मी तिला दोष देत नाही. पुढे एकदा तीच म्हणाली, “दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारता येतं गं. आपल्या घरात कसं विचारावं?”

त्या तीन महिन्यांत जे होतं ते सगळं झालं. कुणी म्हणालं अभ्यासाचा ताण, कुणी म्हणालं लग्न लावून द्या. मावशीनं ‘बाहेरचं’ असल्याचं निदान केलं. एका अमावास्येला मला एका ठिकाणी नेलं. तिथे मला कुणी मारलं नाही, लिंबू उतरवलं, अंगारा लावला आणि पाच गुरुवार सांगितले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या पायात मात्र साखळी होती. तिचा नवरा तिला प्रेमानं घास भरवत होता. साखळी आणि घास एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातात. ते दृश्य मला अजून सुटलेलं नाही.

शेवटी आईच मला आंबेजोगाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. परळीहून तासाभराचा रस्ता. मानसोपचार विभागाच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी मला नाव विचारलं, मग विचारलं, “शेवटचं कधी छान वाटलं होतं?” मला आठवेना, आणि तेव्हा मला रडू आलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. नैराश्य हा शब्द मी हजार वेळा वाचला होता. तो केसपेपरवर माझ्या नावापुढे लिहिलेला पाहिला तेव्हा लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं. ज्याला नाव आहे ते माझ्या आधीही कुणाला तरी झालं असणार. म्हणजे त्याला इतिहासही असणार.

*

बरी होऊन परत विद्यापीठात आले तेव्हा एम.ए.चा लघुप्रबंध बाकी होता. विषय सुचत नव्हता. आमचे सर एकदा सहज म्हणाले, “घरात ऐकलेली एखादी म्हण धर आणि तिच्या मागे जा.” मी आजीच्या जालन्याच्या मागे गेले.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं आणि पुण्यातलं येरवड्याचं. येरवडा २,५४० खाटांचं, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. नकाशावर हे चार ठिपके काढले की दिसतं : विदर्भात एक, कोकणात दोन, पश्चिम महाराष्ट्रात एक. मराठवाड्यात शून्य. मग जालन्याचं काय?

उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडत नाही, कारण तेव्हा आम्ही महाराष्ट्रात नव्हतोच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ साली वेड्यांच्या आश्रयस्थानांचा कायदा झाला, त्यानंतर एकेक ‘ल्युनॅटिक असायलम’ उभं राहत गेलं. नागपूर, रत्नागिरी, ठाणे ही त्याच परंपरेतली. निजामाच्या राज्याची वाट वेगळी होती. तिथले ‘पागल’ आधी हैदराबादच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या आवारात ठेवले जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही संस्था तिथून हलवली गेली ती थेट जालन्याला. जालना तेव्हा जुन्या लष्करी छावणीचं गाव होतं, कापसाच्या पेठेचं गाव होतं, आणि आता संपूर्ण हैदराबाद संस्थानाच्या वेड्यांचंही गाव झालं. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी माणसं तिथे आणली जात. सुमारे अर्धशतकभर हा दवाखाना जालन्यात होता.

म्हणजे आजीची आई जे म्हणत होती त्याला पत्ता होता. तिच्या काळी परळीहून कुणी वेडावलं तर त्याला खरोखर जालन्यालाच घालत.

मग तो गेला कुठे? हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, आणि १९५३ साली हे मनोरुग्णालय जालन्याहून हैदराबादला एर्रागड्डा इथे हलवण्यात आलं. आज तेलंगणात जी मानसिक आरोग्य संस्था आहे ती हीच. तेव्हाच्या प्रशासनाच्या दृष्टीनं यात वावगं काही नव्हतं. राज्याचा दवाखाना राज्याच्या राजधानीत असावा, वैद्यकीय महाविद्यालयाच्या जवळ असावा. पण अवघ्या तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. दवाखाना एका राज्यात राहिला, आणि ज्या मुलखात तो पन्नास वर्षं होता तो मुलूख दुसऱ्या राज्यात गेला.

योगायोग असा की १९५३ हेच नागपूर कराराचं वर्ष. त्या सप्टेंबरात पुढाऱ्यांनी सही केलेल्या त्या करारात मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचं वचन होतं. पुढे त्या वचनाचा हिशेब मांडायला १९८०च्या दशकात वि. म. दांडेकरांची समिती बसली आणि ‘अनुशेष’ हा शब्द आमच्या राजकारणात कायमचा आला. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, विजेचा अनुशेष. परळीत वाढलेल्या माणसाला हा शब्द चहाच्या टपरीवरच पाठ होतो. पण आमच्याकडून एक आख्खा दवाखाना निघून गेला, त्याच्या अनुशेषावर बोलणारं भाषण मी आजवर ऐकलेलं नाही. वेड्यांचा मतदारसंघ नसतो.

दवाखाना गेला, धमकी राहिली. उपचाराची जागा नाहीशी झाली आणि तिची भीती मात्र आणखी तीन पिढ्या पुरली. हे लिहिताना मला हसूही येतं आणि रागही येतो.

आता महाराष्ट्र शासनानं जालन्यात ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केलं आहे. बातमी वाचल्यावर मी घरी फोन करून आजीला सांगितलं, “तुझं जालना परत यायलंय.” ती म्हणाली, “कशाला गं बाई?”

*

मला दवाखान्याबद्दल गहिवर घालायचा नाही. तो जालन्यात राहिला असता तर सगळं चांगलं झालं असतं असंही म्हणायचं नाही. त्या काळचे दवाखाने कसे होते हे आपल्याला ठाऊक आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. तिच्यासाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातली १९ मनोरुग्णालयं पाहिली. सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी १०,०००च्या आसपास खाटा होत्या, आणि त्याही बहुतेक कोंडून ठेवण्यासाठी. अर्ध्या शतकानंतर, १९९९ साली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाही त्यांतल्या ३८ टक्के ठिकाणी तुरुंगासारखी रचना कायम होती. निजामाचे वेडे तुरुंगातून बाहेर पडले, तरी तुरुंग त्यांच्यामागे आला होता.

आणि दवाखाना नसला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. त्यांना पळता आलं नाही कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. घरच्यांनी त्यांना दर्ग्याच्या गुणाच्या आशेनं तिथे ठेवलं होतं. मी अमावास्येला पाहिलेल्या बाईच्या पायातली साखळी त्याच जातीची होती. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवतो. हा कायदा व्हावा म्हणून झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला, आणि मग कायदा आला. पण त्या नवऱ्याला हा कायदा सांगायचा तर आधी त्याला दवाखाना दाखवावा लागेल. नाहीतर साखळी सोडून तो बायकोला न्यायचा कुठे?

घरच्या माणसांना सगळीकडे खलनायक ठरवण्यातही अर्थ नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरची माणसं सोबत राहिली तर रुग्ण लवकर बरे होतात आणि घरी परततात, हे त्यांनी त्या तंबूंतून दाखवून दिलं. माझी आई ओपीडीच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची, तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की ती भारतीय मानसोपचाराच्या एका मोठ्या प्रयोगाची वारसदार आहे.

*

लघुप्रबंध लिहिताना मला एक गोष्ट सारखी टोचत होती. अहवालांत आकडे असतात : भरती किती, सुटले किती, मेले किती. बोलतात ते अधीक्षक, न्यायाधीश, डॉक्टर. ज्याला भरती केलं तो बोलत नाही. मराठीत वेडाबद्दल भरपूर आहे, अगदी तेराव्या शतकापासून. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, महानुभावांच्या पाच कृष्णांपैकी एक. गाव त्यांना वेडे म्हणायचं आणि आई-बापही म्हणायचं. कुणाच्याही घरात शिरायचे, काहीही खायचे, आणि लोक त्यांना सांभाळून घ्यायचे. म्हाइंभटांनी त्यांचं चरित्र गोळा केलं. त्या वेडाला देवपण होतं. पण तिथेही गोष्ट सांगणारे भक्त आहेत. ‘मला काय होत होतं’ हे सांगणारा पहिल्या पुरुषातला आवाज मी शोधत होते.

तो सापडला तो दूर अमेरिकेत. क्लिफर्ड बिअर्स हा येल विद्यापीठाचा विद्यार्थी. १८९४ साली त्याच्या मोठ्या भावाला फेफरं येऊ लागलं, आणि आपल्यालाही ते होणार या भीतीनं त्याला पछाडलं. ही भीती उराशी लपवून तो वर्गात बसायचा, परीक्षा द्यायचा. १८९७ला पदवी घेतली, नोकरी धरली, आणि १९०० साली तो कोसळला. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला आणि त्यातून वाचला. पुढची तीन वर्षं त्यानं तीन वेगवेगळ्या रुग्णालयांत काढली. तिथे त्याला मारलं, थंडीत कोंडून ठेवलं, हातपाय जखडणारा अंगरखा घालून रात्र रात्र ठेवलं. बाहेर आल्यावर त्यानं हे सगळं लिहून काढलं. १९०८ साली पुस्तक निघालं आणि विल्यम जेम्ससारख्या मानसशास्त्रज्ञानं त्याची पाठराखण केली. त्याच वर्षी बिअर्सनं कनेटिकटमध्ये संस्था काढली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय समिती. आज जगभर ‘मानसिक आरोग्य’ या नावानं जी चळवळ चालते तिच्या उगमाशी एक घाबरलेला विद्यार्थी आहे.

हे वाचलं त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून हिशेब केला. बिअर्सचं पुस्तक निघालं तेव्हा जालन्याचा दवाखाना नुकता सुरू झाला होता. तिकडे रुग्ण बोलायला लागला, इकडे त्याला मराठवाड्याच्या माळावर आणून ठेवलं गेलं. आमच्या बिअर्सला कागद मिळाला नाही एवढाच फरक.

महाराष्ट्रात हा आवाज उशिरा आला आणि बऱ्याचदा आधी घरच्यांच्या तोंडून आला. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियानं त्यांना जे शिकवलं ते घेऊन ते मायदेशी आले आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ याच प्रयत्नातून आला. त्याआधी १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच सुरू केली. मनाच्या आजाराबद्दल मराठीत उघड, सोप्या भाषेत बोलायची सवय अशा लोकांनी लावली. आणि पुण्यातल्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी, ज्यांची आई याच आजारातून गेली होती, आग्रह धरला की आमच्याबद्दल आमच्याशिवाय ठरवू नका. हीच घोषणा २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारामागे होती. भारतानं तो करार २००७ साली मान्य केला आणि त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा केला.

त्या कायद्याच्या प्रती मी अजून बॅगेत घेऊन फिरते. २९ मे २०१८ला तो लागू झाला. म्हणजे मी आजारी पडले तेव्हा तो अस्तित्वात होता, फक्त आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. सरकारी सेवेत उपचार मिळणं हा माझा हक्क आहे. शुद्धीत असताना, उद्या मी आजारी पडले तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत, हे मी आजच लिहून ठेवू शकते. कुणालाही साखळीनं बांधता येत नाही. आणि ११५वं कलम म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जाईल, त्याच्यावर खटला चालणार नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे.

या कलमामागेही महाराष्ट्राचा हात आहे. मुंबई पोलिसातल्या एका शिपायाला अपघातात डोक्याला मार लागला आणि त्यानंतर मानसिक आजार जडला. बायकोला भाजीच्या गाड्याचा परवाना मिळावा म्हणून तो महापालिकेत खेटे घालत होता. तिथेच त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावर भारतीय दंडविधानाच्या ३०९व्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ला तसंच म्हटलं आणि १९९६ला मागे घेतलं. अखेर १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता लागू झाली तेव्हा ते कलम तिच्यात राहिलं नाही. दुखण्यानं पिचलेल्या माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं की पोलिस ठाण्यात, एवढं ठरवायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

*

मी आता पीएच.डी. करते आणि आम्ही चार-पाच जण मिळून मराठवाड्यातल्या वसतिगृहांत, महाविद्यालयांत, अभ्यासिकांत जातो. आमच्याकडे पडद्यावर दाखवायला काही नसतं. मी माझा जुना केसपेपर दाखवते, त्यावरची तारीख वाचते आणि मला काय झालं होतं ते सांगते. मग जालन्याची गोष्ट सांगते. इतिहास आधी सांगितला तर मुलं जांभया देतात. माझी गोष्ट आधी सांगितली तर इतिहास ऐकतात. शेवटी फळ्यावर १४४१६ लिहिते. ही टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, फोन मराठीतही घेतात, पैसे लागत नाहीत.

सगळीकडे दार उघडत नाही. एका महाविद्यालयात प्राचार्य म्हणाले, “मुलींसमोर असलं काही सांगू नका, त्यांच्या डोक्यात नको ते शिरेल.” दुसरीकडे मला ‘बऱ्या झालेल्या’ म्हणून टाळ्या वाजवून बोलावलं आणि परतताना एका बाईंनी हळूच विचारलं, “लग्नाचं जमेल ना आता?” जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा तत्सम व्यक्ती असावी. तो कागद मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवते. काही जण वाचतात. काही जण चहा मागवतात.

सगळ्यांत अवघड होतं ते परळीत बोलणं. संभाजीनगरात मी ‘एक विद्यार्थिनी’ असते. परळीत मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी पुतणी असते. धाकट्या बहिणीचं स्थळ बघणं चालू होतं. बाबा म्हणाले, “सगळीकडे बोल, इथं नको.” त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मी दोन वर्षं इथे बोलले नाही. मग बहीणच म्हणाली, “जे घर तुझ्यामुळं मला नको म्हणेल, त्या घरात मी आजारी पडले तर काय करतील?” बाबा काही बोलले नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी ते सगळ्यांत मागच्या रांगेत, दाराजवळ उभे होते. थर्मलच्या नोकरीतली सवय. पाळी संपेपर्यंत बसायचं नाही.

त्या दिवशी बोलून झाल्यावर एक मुलगा वाट बघत थांबला. अकरावीतला असेल. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, घरी तो आणि आजी. म्हणाला, “ताई, मला झोप येईना गेली. मी आजीला सांगितलं तर ती म्हणती जालन्याला घालावं लागंल.” सभागृहात मी एवढं बोलले होते, पण त्या वाक्यावर माझ्याकडे शब्द नव्हते. माझ्या आजीची आई, माझी आजी, आणि आता याची. मी म्हटलं, “जालन्याला नाही, आंबेजोगाईला जायचं. मी येते सोबत.”

त्या सोमवारी आम्ही तिघं एसटीनं गेलो. तो, त्याची आजी आणि माझी आई. हो, मला त्या दिवशी विद्यापीठात जावं लागलं, म्हणून आईच गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. पुढची तारीख मिळाली, गोळ्या मिळाल्या, डॉक्टरांनी आजीलाही समोर बसवून समजावलं. मग थोडं थांबून म्हणाली, “त्याच्या आजीनं तिथल्या बाकावर मला विचारलं, तुमची कोण होती म्हणून. मी सांगितलं, माझी लेक.”